बाजूला पास देणारा माणूस

अहो, मेल्यावर तुम्हाला बढती मिळाली आहे.

कालच्या शोकसभेत तुमच्या हार घातलेल्या फोटोशेजारी उभं राहून एक गृहस्थ म्हणाले, की तुम्ही खरं तर भारताकडून खेळणार होतात, पण ऐन उमेदीत पायाच्या दुखापतीनं घात केला. कुठला पाय, ते त्यांनी सांगितलं नाही. मी पहिल्या रांगेत बसून तुमचे दोन्ही पाय आठवून पाहिले. लग्न झाल्यापासून त्या पायांना खोबरेल मीच चोळत आले. दुखापत व्हायला पाय कुठंतरी घालावा लागतो. चेंडूसाठी दोघं भिडले, की तुम्ही हात लांब करून तिसऱ्याला बोलवायचात.

मग दुसरे उठले आणि म्हणाले, ‘मधल्या फळीचे आधारस्तंभ.’ यातलं स्तंभ तेवढं खरं. मला हसू आवरेना. पदराचा बोळा तोंडात कोंबला, तर खांदे हलायला लागले. शेजारच्या बाईंनी मला जवळ घेतलं आणि ‘रडून घ्या, मोकळं व्हाल’ म्हणाल्या. झाले मोकळी.

तुम्हाला खरं सांगणारी या बेंगळुरात मी एकटी होते. तुम्ही गेलात म्हणून ते काम काही संपलेलं नाही. म्हणून हे लिहायला बसले.

सुरुवात माझ्यापासून करते, कारण सगळ्यात मोठी गाढव मी. आमच्या वडिलांचं चिकपेटात कापडाचं दुकान. तिथं मध्यस्थ तुमचं स्थळ घेऊन आले तेव्हा मी साड्यांच्या गठ्ठ्यामागं बसून ऐकत होते. ‘मुलगा लेथवर काम करतो आणि संध्याकाळी फुटबॉल खेळतो.’ वडिलांनी हिशेब केला, की संध्याकाळी खेळतो म्हणजे संध्याकाळी पीत नाही. सरी, म्हणजे ठीक, त्यांच्या बाजूनं विषय संपला. मध्यस्थांनी क्लबचा ग्रुप फोटो दाखवला. मधोमध कुरळ्या केसांचा एक जण चषक छातीशी धरून हसत होता. कुणी विचारलं नाही, कुणी बोट दाखवलं नाही, मीच ठरवून टाकलं की हाच तो. आठवडाभर डोळे मिटले की तो चषक दिसायचा.

बघायला तुम्ही आलात. मला वाटलं, हा कुणी चुलतभाऊ असेल, मुलगा मागून येतोय. मी पोह्यांची बशी हातात धरून दाराकडं बघत उभी. शेवटी धीर करून विचारलं, की फोटोत तुम्ही कुठं? तर तुम्ही अभिमानानं मागच्या रांगेच्या टोकाला बोट ठेवलंत. तिथं फोटो संपत होता. अर्धा चेहराही नव्हता.

‘हा कान माझा,’ म्हणालात.

आणि मी त्या कानाला होकार दिला. का, ते आज सांगायला हरकत नाही. मला वाटलं, कपवाला तुमचा दोस्त असणार, निदान घरी येत-जात राहील. नाही आला. पुढं एकदा स्टेडियमबाहेर तो भेटला, तर त्याला तुमचं नावही आठवेना.

लग्नानंतर ऑस्टिन टाउनजवळ भाड्याच्या खोलीत राहायला गेलो आणि पहिल्याच मॅचला मी रेशमी साडी नेसून, मोगऱ्याचा गजरा माळून आले. मैदानावर एवढी सजलेली दुसरी कुणी असेल तर फक्त क्लबच्या अध्यक्षांची गाडी. तुम्ही मैदानाच्या मधोमध उभे. हात पसरून याला तिकडं पाठवताय, त्याला इकडं बोलावताय. चेंडू आला की लगेच बाजूच्याला. आला की बाजूच्याला. लोक ओरडायला लागले, ‘सिग्नल बित्तु, होगप्पा!’ सिग्नल पडला, जा बाबा. तुम्हाला सगळे ट्रॅफिक पोलीस म्हणतात हे मला कुठं ठाऊक? मला वाटलं, कौतुक चाललंय. मीही उभी राहून गळा ताणून ओरडले, ‘सिग्नल बित्तु!’ मागचे लोक आनंदानं नाचले. ‘पोलीसअण्णाची बायको!’ असं कुणीतरी ओळखलंसुद्धा. मी वळून नमस्कार केला. त्या मुलीला आज कुठं भेटता आलं, तर तिचा गजरा काढून तिच्याच हातात देईन.

आणि मग तो क्षण. मॅच संपत आलेली, बरोबरीत. चेंडू तुमच्या पायाशी. त्यांचा गोलकीपर घसरून पालथा पडलेला. तुमच्यात आणि जाळ्यात माणूस नाही. मी डोळे मिटून घेतले, आनंदानं. उघडले तर चेंडू हवेत, आणि मग मैदानाबाहेरच्या शहाळ्यांच्या ढिगात. तुम्ही बाजूच्याला पास दिला होतात. त्यानं तो आभाळात मारला.

घरी परतताना बसमध्ये मी पहिल्यांदा तुमच्याशी भांडले.

‘अहो, गोल उघडा होता.’

‘त्याची जागा जास्त चांगली होती.’

‘कुणाची? तुमच्यापुढं जमिनीवर पडलेला गोलकीपर होता! मीसुद्धा मारला असता, साडी नेसून.’

‘तुला नाही कळायचं.’

हेच भांडण आपण जन्मभर भांडलो. नवीन भांडण काढायची तुम्हाला कधी गरज पडली नाही. अगदी शेवटच्या दिवशीसुद्धा सकाळी टीव्हीवर कुठल्या तरी परदेशी मॅचमध्ये एकानं गोलसमोरून चेंडू बाजूला दिला आणि तुम्ही खूश होऊन मान डोलावलीत. मी स्वयंपाकघरातून म्हणाले, ‘गोल उघडा होता.’ तुमच्या तोंडात इडली होती. तुम्ही हात वर केलात, थांब, सांगतो, अशा अर्थानं. मग फोन आला, मग मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. दुपारी तुम्ही खुर्चीत बसल्याबसल्या गेलात. उत्तर राहिलं.

तुमच्या कारकिर्दीबद्दल काल कुणी बोललं नाही ती गोष्ट मी सांगते, कारण तुमचं नशीब तिथंच पालटलं. तेव्हा नवा हंगाम लागायच्या आधी क्लबात खेळाडूंची नावं नोंदवायची ठरलेली मुदत असायची, आणि त्या दिवसांत पळवापळवी चालायची. चांगल्या खेळाडूला दुसऱ्या क्लबानं नेऊ नये म्हणून त्याचाच क्लब त्याला उचलून एखाद्या लॉजवर नेऊन ठेवायचा, रोज बिर्याणी खाऊ घालायचा. तुम्ही तेव्हा वरच्या डिव्हिजनमध्ये होतात. कानाइतके का होईना, होतात. एका संध्याकाळी धापा टाकत घरी आलात आणि दार लावून कुजबुजलात, ‘मला उचलणार आहेत.’

‘कोण?’

‘कुणीही उचलेल. दोन-तीन क्लब मागावर आहेत.’

माझी छाती केवढी फुगली! आपण दोघं पिशवी भरून राजाजीनगरला माझ्या मावशीकडं जाऊन लपलो. मी खिडक्यांचे पडदे ओढले. तुमचे खेळाचे मोजे बाहेर दिसू नयेत म्हणून मावशीच्या देवघरात वाळत घातले. रस्त्यावर रिक्षा थांबली, की मी तुम्हाला पलंगाखाली ढकलायची आणि दूधवाला निघायचा. मावशी विचारायची, ‘यानं कुणाचा खून केलाय का गं?’ मी म्हणायची, ‘मावशी, त्यांना मागणी आहे.’

आठवडा गेला. कुणी उचलायला आलं नाही. शेवटी तुमचा गोलकीपर मणी पत्ता काढत आला आणि दारातच डोक्याला हात लावून बसला. ‘अय्यो अण्णा, इथं काय करतोयस? क्लबवाले तुझं नाव नोंदवायला तुझ्या घरी तीनदा येऊन गेले. शेजारच्या अक्कांनी सांगितलं, तू बेळगावला गेलास. त्यांनी तुझ्या जागी दुसरा घेतला. आज मुदत संपली.’

शेजारच्या अक्कांना पढवून ठेवणारे तुम्हीच. दुसरे कुणी पळवतील म्हणून तुम्ही इतके छान लपलात, की तुमच्या स्वतःच्या क्लबला सापडला नाहीत. ज्याला कुणी मागत नव्हतं तो माणूस पलंगाखाली, आणि त्याला कुणी पळवू नये म्हणून त्याची बायको पडद्यामागं पहाऱ्याला! मावशी मरेपर्यंत ते सांगून हसत होती.

त्या वर्षी खालच्या डिव्हिजनमधल्या एका क्लबानं तुम्हाला ठेवून घेतलं. पुन्हा वर काही तुम्ही चढला नाहीत. मग बनियनपेक्षा जास्त वेळा क्लब बदललेत. कुणाचा हिरवा शर्ट, कुणाचा पिवळा, एकाचा तर धुतला की माझ्या पांढऱ्या साड्या गुलाबी करणारा. दिवसभर लेथवर उभं राहायचं, रविवारी कोलारच्या सोन्याच्या खाणींकडं, कधी धारवाड, कधी सेलम, कुणाचा तरी माणूस कमी पडतोय म्हणून जायचं, आणि तिथंही चेंडू बाजूच्याला देऊन परत यायचं. वर्तमानपत्रात गोल मारणाऱ्याचं नाव यायचं. कधी गोल खाणाऱ्याचं. तुमचं नाव यायला तुम्ही मध्ये काही करायला हवं होतंत.

घरीही तेच. रॉकेलच्या रांगेत तुमचा नंबर आला, की मागच्या बाईला पुढं करायचात आणि डबा रिकामा घेऊन यायचात. ‘तिच्याकडं लहान मूल होतं.’ आणि आमच्याकडं काय, हत्ती होता? लग्नाच्या पंगतीत शेवटची होळिगे, तीच आपली पुरणपोळी, तुमच्या पानात पडायची आणि दुसऱ्याच क्षणी शेजारच्याच्या पानात दिसायची. मी समोरच्या पंगतीतून डोळे वटारायची. एकदाच तुमचा पास माझ्याकडं आला. मला शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायचं होतं, आपला संजू तेव्हा मांडीवर. त्याच सुमाराला तुम्हाला कारखान्यात सुपरवायझर करणार होते, पण संध्याकाळची पाळी घ्यावी लागली असती. तुम्ही ती नको म्हणून आलात आणि मला फक्त एवढंच म्हणालात, ‘संध्याकाळी मी घरी आहे. तू जा.’ मी गेले. पुढं जन्मभर शाळेत पोरांना गणित शिकवलं. तुमच्या सगळ्या कारकिर्दीत तेवढा एकच पास गोलात गेला, आणि तो पाहायला मैदानात कुणी नव्हतं. बरंच झालं. लोकांनी तिथंही सिग्नल बित्तु म्हटलं असतं.

पण एका गोष्टीवरून मी तुम्हाला जे बोलत आले, ते या वेळी माझ्याच गळ्यात आलं. तेही ऐका.

मामंजी गेले तेव्हा त्यांच्या दहाव्याला तुम्ही नव्हतात. तुमचे थोरले भाऊ नदीवर पिंडाला बसले, सगळी भावकी जमली, आणि तुम्ही कोलारला मॅचला गेलात. बरं, खेळलात का? नाही. पूर्ण मॅच बेंचवर बसून आलात. जाऊबाईंनी मला सगळ्यांसमोर विचारलं, ‘तुमचे हे कुठं आहेत?’ आणि मी म्हणाले, ‘बेंचवर.’ ती शरम मी विसरले नाही. कुठल्याही भांडणात माझ्याकडं शेवटची वीट हीच असायची. सख्ख्या बापाच्या दहाव्याला कुणी फळकुटावर बसायला जातं का? तुमचं उत्तर ठरलेलं. ‘नाव दिलं होतं. बारा जणच होते. एखादा पडला असता तर?’

‘पडला का?’

‘नाही.’

‘मग?’

‘बेंचवर कुणीतरी लागतंच. तुला नाही कळायचं.’

आता तुमच्या लाडक्या नातीकडं येते. चैत्रानं तुमचा खेळ घेतला, हे आपल्या घराण्याचं नशीब. मी तिला लहानपणापासून सांगत होते, बाई गं, खेळायचंच तर पुढं खेळ, गोल मार, फोटोत मधोमध उभी राहा. तुम्ही तिला गच्चीत नेऊन काय शिकवलंत, तर चेंडू यायच्या आधी आजूबाजूला बघायचं. झालं, तीही मधल्या फळीत. तिचा संघही खालच्या डिव्हिजनमधला, आणि त्यातही तळाला. शेवटची मॅच हरल्या असत्या तर आणखी खाली गेल्या असत्या. त्याच्या खाली फक्त गवत आहे म्हणे. आणि ती मॅच आली नेमकी तुमच्या दहाव्याला.

आदल्या दिवशी जे. पी. नगरच्या आपल्या हॉलमध्ये जाऊबाई, आपला संजू आणि मी बसलो होतो. चैत्रा समोर येऊन उभी राहिली.

‘पप्पा, उद्या मी श्रीरंगपट्टणला नाही येत. मॅच आहे.’

संजूनं फोनमधून डोकं वर काढलं. ‘आर यू सीरियस? अण्णांचा दहावा आहे. सुतक आहे आपल्याला.’

‘दोघी इंजर्ड आहेत, एकीची परीक्षा आहे. मला धरून बाराच जणी उरतात.’

‘मग अकरा आहेत की! लोक काय म्हणतील, नात दहाव्याला मैदानावर?’

जाऊबाई म्हणाल्या, ‘रक्तातच आहे ते.’ आणि त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मधली सगळी वर्षं पुसली गेली.

चैत्रा माझ्याकडं वळली. ‘आज्जी, तू सांग ना पप्पांना. तू सांगितलंस तर ते ऐकतील. आणि तू नको म्हणालीस तर मी नाही जाणार.’

बघा, कुठं आणून उभी केली मला. एवढा अधिकार तुम्ही मला जिवंतपणी कधी दिला नव्हतात. मला वाटलं, जाऊ दे, पोरगी खेळेल तरी, बापाचं तोंड बंद करता येईल.

‘आधी सांग, पहिल्या अकरात आहेस ना?’

‘नाही गं. मी बेंचवर.’

संजू हसला. जाऊबाईंनी डोळे मिटून राम राम म्हटलं. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. आजोबांच्या दहाव्याला फळकुटावर बसायला जायचं? शब्द पाठच होते, इतकी वर्षं वापरून गुळगुळीत झालेले. तेवढ्यात ती म्हणाली, ‘आज्जी, नाव दिलंय.’

तुमच्याच सुरात. मान तशीच खाली. हात मागं.

ती तुमच्यासारखी निघाली याचा मला इतका राग आला, की मी ताडकन म्हणाले, ‘जा. आणि जेवून जा. उपाशीपोटी बसवत नाही.’

संजू माझ्याशी दुसऱ्या दिवशी श्रीरंगपट्टण येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलला नाही. मणी पुढच्या सीटवर बसून मद्दूरवडे खात होता, तेवढाच काय तो आवाज.

नदीकाठी भटजींनी सगळं यथासांग केलं. भाताचा पिंड मांडून आम्हाला मागं सरायला सांगितलं. आता कावळा येऊन पिंडाला शिवला, की गेलेला माणूस तृप्त. नाही शिवला, तर त्याची काहीतरी इच्छा राहिलीय, ती ओळखून बोलून दाखवायची आणि पुरी करतो म्हणून वचन द्यायचं. तुम्हाला कावळा लगेच शिवेल अशी माझी खात्री होती. इच्छा राहायला आधी ती करावी लागते.

समोरच्या बुटक्या भिंतीवर एक कावळा होता. पण तो पुढं येईना. भिंतीवरच उजवीकडं सरकला, मग डावीकडं, परत उजवीकडं. मान वाकडी करून सगळ्यांकडं बघत होता. मी तिथंच ओळखायला हवं होतं.

संजू हात जोडून पुढं झाला. ‘अण्णा, दर वर्षी तुमच्या नावानं टूर्नामेंट भरवू.’ कावळा डावीकडं सरकला. मणी पुढं झाला, त्याचे डोळे भरलेले. ‘अण्णा, धारवाडला तो गोल माझ्या पायांतून गेला होता. मी सगळ्यांना सांगितलं, तू त्यांचा माणूस मोकळा सोडलास. आता खरं सांगतो, बा, ये आता.’ कावळ्यानं त्याच्याकडं जरा वेळ बघितलं आणि पंख साफ करायला घेतले.

आमच्या शेजारी दुसऱ्या एका घरचा पिंड मांडलेला होता. एक तरुण बाई, कडेवर लहान मूल, आणि तिचे म्हातारे सासरे. ते आमच्या आधीपासून थांबले होते. बाईनं मुलाची, घराची, सगळी वचनं देऊन झाली होती. आता ती नुसतीच उभी होती. त्यांचे भटजी दर्भ हातात घेऊन वळायला लागले होते. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात, तसा.

जाऊबाई मोठ्यानं म्हणाल्या, ‘उगाच का अडलेत? नात इथं नाही म्हणून अडलेत. संजू, लाव फोन तिला. सांग, खेळू नकोस, घरी जाऊन बस. आणि पुन्हा त्या मैदानावर पाऊल टाकणार नाही असं तिच्याकडून म्हणवून घे. फोन पिंडाजवळ धर, ऐकू दे त्यांना.’

भावकीतल्या चार माणसांनी माना हलवल्या. संजूनं माझ्याकडं न बघता फोन काढला. मला दिसत होतं, की तो आता बोलला तर पोरगी ऐकेल. बापाचं नाही ऐकणार, पण तुमचं कावळ्यासाठी अडलंय म्हटल्यावर ऐकेल. बूट काढून ठेवेल ते कायमचेच.

‘फोन खिशात ठेव,’ मी म्हणाले.

‘आई, अण्णांचा प्रश्न आहे.’

‘अण्णांचाच आहे. तिनं नाव दिलंय. बेंचवर कुणीतरी लागतंच.’

जाऊबाई म्हणाल्या, ‘हे तुम्ही बोलताय?’

मलाही तोच प्रश्न पडला होता. मेलात ते मेलात, वर माझ्या तोंडात तुमचं वाक्य ठेवून गेलात! इतका संताप मला तुमचा जिवंतपणीही आला नव्हता. संजूनं फोन खिशात ठेवला. आणि कावळा उडाला.

तो सरळ आपल्या पिंडाकडं आला. हातभर अंतरावर उतरला. भटजींनी बोटानं सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. जाऊबाईंचे हात आपोआप जोडले गेले. मणी तोंडानं पुटपुटत होता, ‘मार, अण्णा, मार.’ तुमच्यात आणि पिंडात कुणीही नव्हतं. कावळ्यानं चोच पुढं केली, थबकला, आजूबाजूला बघितलं. मग उड्या मारत बाजूला गेला आणि शेजारच्यांच्या पिंडाला शिवला.

ती बाई मटकन खाली बसली. ‘बंद्रु, बंद्रु,’ आले, आले, म्हणत मुलाला छातीशी धरून रडायला लागली. तिच्या सासऱ्यांनी आकाशाकडं हात जोडले. आमच्याकडं सगळे दगडासारखे उभे. आणि मी हसले. पदरात नाही, मोठ्यानं. मणीनं माझ्याकडं बघितलं आणि तोही सुटला. म्हातारा पोट धरून वाळूत बसला. ‘अक्का, सिग्नल बित्तु!’ एवढंच त्याला म्हणता आलं.

समोर सगळं उघडं होतं, आणि तुम्ही बाजूच्याला दिलंत. त्यांची जागा जास्त चांगली होती, हे मात्र मी म्हणणार नाही. तुमच्या डोक्यात चढेल.

आपल्या पिंडाला भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. जाऊबाई परतीच्या वाटेवर दुसऱ्या गाडीत बसल्या.

संध्याकाळी चैत्रा आली. निळा शर्ट कोरा करकरीत, गुडघ्याला माती नाही.

‘उतरवलं नाही ना?’

‘नाही.’

‘मग दिवसभर काय केलंस?’

‘बसले. पाणी दिलं. ओरडले.’ मग ती चमकून म्हणाली, ‘आज्जी, पण आम्ही जिंकलो! वाचलो! शेवटी शेवटी आमची पुढची एकटी गोलसमोर होती. मी बेंचवरून घसा फोडून ओरडत होते, बाजूला दे, बाजूला दे. तिनं ऐकलंच नाही. सरळ मारला. गोल!’

मी तुमच्या फोटोकडं बघितलं. ऐकलंत? सरळ मारला. गोल.

‘शहाणी मुलगी,’ मी म्हणाले.

चैत्रानं बुटाची नाडी सोडता सोडता डोकं हलवलं. ‘झाला तो लकनं झाला. बाजूचीची जागा जास्त चांगली होती, आज्जी. तुला नाही कळायचं.’

मी तिच्या पानात भात वाढला. स्वल्प जास्तच वाढला, आणि त्यावर दोनदा तूप. मग तिला सांगितलं, की पुढच्या हंगामात मीही येते. साधी साडी नेसून येईन, गजरा नाही. बेंचच्या मागंच बसेन. म्हणजे कुणी काय ओरडतंय ते या वेळी नीट समजेल.

त्यानंतर रोज सकाळी टीव्हीसमोर तुमची खुर्ची रिकामी असते आणि मी स्वयंपाकघरातून काही बोलत नाही. बोलून उपयोग काय? पण आज इडल्या केल्यात. तुम्ही हात वर करून थांब म्हणाला होतात, तो घास एव्हाना संपला असेल. तर आता सांगा.

गोल उघडा होता की नाही?